ठकूची रेघ

माडवण्याच्या किनाऱ्यावर वाळूचं लांबलचक टेकाड आहे. त्याच्या उत्तर अंगाला, खाडीच्या तोंडापर्यंत, नवरात्रापासून दिवाळीपर्यंत निळ्या काठाची पांढरी फुलपाखरं उडताना दिसतात. दक्षिण अंगाला मात्र एकही नाही. मध्ये ना भिंत, ना पाणी. उडत आलेलं पाखरू टेकाडाच्या मध्यावर अडखळतं आणि मागे फिरतं. पाहुण्यांना हे दाखवून देवळाचे म्हातारे गुरव आबा ठकू भंडारणीची गोष्ट सांगतात.

त्या काळी वाळू दर उन्हाळ्यात गावावर चालून येई, म्हणे. कुणाचं खळं बुजलं, कुणाचे माड कमरेपर्यंत गाडले गेले. शेवटी गोड्या पाण्याची एकच विहीर उरली, ती टेकाडाच्या दक्षिणेला, ठकूच्या दारची. वाळू धरून ठेवते ती फक्त मर्यादवेल. म्हणून ठकू पावसाळाभर टेकाडावर वेल लावायची, आणि श्रावणात सुरवंट येऊन तिचं पान न् पान फस्त करायचे. ती वेचून टाकी, राख फुंकी, रडे, पुन्हा लावी. पुढच्या साली तेच.

नवरा सोमा म्हणाला, "सोड गे. वरच्या वाडीत जावया."

"आणि पाणी काय तुझ्या वाडीत घेऊन येव?" ठकू खेकसली.

सुरवंट जातील का म्हणून तिने ग्रामदेवी पावणाईला कौल लावला. देवीच्या अंगावरची फुलं होकाराला उजवीकडे पडेनात, नकाराला डावीकडेही पडेनात. तेव्हाचा गुरव म्हणाला, "उद्या ये." उद्या गेली, तेच. परवा गेली, तेच. तेव्हा ठकूचा संयम सुटला. भर देवळात ती ओरडली, "गे आवशी, तुझी ही सुरवंट-पोरां पोसूक मीच गावलंय काय तुका?"

तशीच तरातरा टेकाडावर गेली. कोयत्याने वाळूत आडवी रेघ ओढली आणि उत्तरेकडे कोयता रोखून सुरवंटांना म्हणाली, "थयसर तुमचा, खावा! पण रेघेच्या हयसर इल्यात तर याद राखा!"

रागात बोललेलं देवीने नवस म्हणून धरलं, असं सांगतात. पुढच्या श्रावणात सुरवंटांनी उत्तरेची वेल खाल्ली, दक्षिणेच्या पानाला तोंड लावलं नाही. दक्षिणेकडे वेल माजली. वाळू विहिरीच्या कठड्याशी येऊन थांबली.

गावाने देवीला साडी नेसवली. ठकू गेली नाही. लोक समजूत घालायला आले, तेव्हा म्हणाली, "अर्धी वेल खाल्ल्यान, इतकी वर्षां माका रडवल्यान, आणि वर उपकार मानू?" मरेपर्यंत तिने देवीला हात जोडले नाहीत. देवीनेही कधी मनावर घेतलं नसावं, कारण विहिरीचं पाणी गोडच राहिलं.

आजही घटस्थापनेला माडवण्याच्या बायका ओटी भरण्याआधी देवीसमोर उभ्या राहतात आणि वर्षभराचं साचलेलं तिला तोंडावर सुनावतात. आबा तेवढा वेळ बाहेर पायरीवर बसून असतात. आतला आवाज थांबला की मगच ते ओटीचं तबक घेऊन आत जातात.