काळ्या तोंडाचा फिल्टर

यंत्रं एकमेकांशी बोलायची, त्या काळातली ही गोष्ट. काळ्या दगडाच्या खाणीवर एक जीप होती. तिच्या इंजिनाला हवा गाळून द्यायचं काम एक कागदी फिल्टर करायचा. धुळीनं त्याचं तोंड काळंठिक्कर पडलेलं.

"तू माझा श्वास अडवतोस," इंजिन रोज डाफरायचं. "आणि तोंड तरी धू की रे!"

फिल्टर बदलायची वेळ आली. मिस्त्रीनं दोन नवे आणले. एक तसाच दाट कागदाचा, दुसरा लालभडक, विरळ जाळीचा. लाल म्हणाला, "मी कुणालाच अडवत नाही, साहेब. घ्या पोटभर हवा!" तो बसवताच इंजिन असं गरजलं, की मालकानं तोच ठेवला.

चार महिने इंजिन चढावर वाघासारखं पळालं, खोटं कशाला बोलू? आत मात्र धूळ त्याला कानशीसारखी घासत होती. मग निळा धूर आला, दम गेला, आणि एक दिवस त्याला उतरवून भंगारात टाकलं. शेजारी तोच जुना फिल्टर पडला होता.

"लाल तर शेवटपर्यंत कोराच दिसत होता," इंजिन कण्हलं. "तू मात्र काळाच राहिलास."

"हा रंग माझा नव्हे, दादा," फिल्टर म्हणाला. "तुझ्या वाट्याची धूळ आहे ही."