डब्यातली अंडी

माशांच्या सात पिढ्यांपूर्वीची गोष्ट. मालवणच्या समुद्रात, फाटक्या जाळ्यात गुरफटलेल्या एका खडकाशी, झिपरू नावाचा इवलासा मासा गंजक्या डब्यात आपली अंडी राखत होता.

एके सकाळी समुद्राचा तळ साफ करणाऱ्या दोन पाणबुड्या बायका पिशव्या घेऊन खाली उतरल्या.

"पळ रे!" शेजारची कुर्लीकाकी नांग्या उडवत ओरडली. "डबा गेला तर जाऊ दे. अंडी पुन्हा होतील."

"ही पुन्हा होणार नाहीत, काकी," झिपरू म्हणाला आणि डब्याच्या तोंडाशी उभा राहिला.

डब्याकडे हात आला, तसा तो बोटाला कडकडून चावला. बाई दचकली. तिने वाकून आत पाहिलं. अंड्यांमधून बारीक बारीक डोळे चमकत होते. तिने डब्याला हात लावला नाही. उलट तो गडगडू नये म्हणून दगडाचा टेकू दिला आणि मैत्रिणीबरोबर खडकावरचं जाळं तेवढं कापून नेलं.

आठवड्याने पिल्लं बाहेर पडली आणि पोहत निघून गेली. बायका पुन्हा आल्या, तेव्हा झिपरू आपणहून बाजूला झाला. बाईने रिकामा डबा उचलून पिशवीत टाकला.

"आता राहणार कुठे रे तू?" काकीने विचारलं.

जाळं निघाल्यावर खडकात एक छानशी कपार मोकळी झाली होती. झिपरू तिच्यात शिरला आणि शेपटीने वाळू झाडू लागला.