नावाची जागा

“…म्हणजे स्वस्त औषधाला गुणही कमीच येणार ना, डॉक्टर?”

या एका प्रश्नाने वृषालीची तीन रात्रींची झोप उडवली होती. चार वर्षांची गार्गी आठवडाभर खोकत होती, आणि तासगावच्या म्हाताऱ्या डॉक्टर मुजावरांनी तिला फक्त मध आणि कोमट पाणी सांगितलं होतं.

वृषालीला लहानपणी गोवर झाला, तेव्हापासून ते तिचे डॉक्टर. तरी आज ती शेजारपाजारच्यांच्या औषधांच्या चिठ्ठ्या गोळा करून चक्क तक्ता मांडून घेऊन आली होती. संख्याशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या बाईला रडण्यापेक्षा तेवढंच बरं जमतं.

डॉक्टरांनी चष्मा कपाळावर सरकवून तक्ता वाचला.

“समाससुद्धा आखलायस की गं!”

“चेष्टा नको. समोरच्या नव्या दवाखान्यात एका खोकल्याला पाच औषधं, साडेसातशे रुपये. तुमच्याकडे दीड औषध, चाळीस रुपये.”

“अर्धं औषध कोणाला दिलं मी?”

“सरासरी असते हो ती!”

डॉक्टर हसले. मग हसू आवरून त्यांनी गार्गीची छाती पुन्हा तपासली. पुढून, पाठीमागून, सावकाश.

“स्वच्छ आहे. तापही नाही. काही खाते का?”

“माझं डोकं.”

“म्हणजे तब्येत ठणठणीत आहे.”

“पण डॉक्टर…”

त्यांनी कोऱ्या चिठ्ठ्यांचं पॅड तिच्यापुढे सरकवलं. वर पेन ठेवलं.

“तू लिही.”

“मी?”

“एवढा अभ्यास केलायस. लिही.”

पहिल्या ओळीला पेन अडखळलं. मग भराभर चाललं. अँटिबायोटिक. ताकदीचं टॉनिक. भूक लागायचे थेंब. खोकल्याचं सिरप, तेही गुंगी आणणारं. तारीख, वेळा, चमचे, सगळं जिथल्या तिथे.

डॉक्टरांनी एकेका ओळीवर बोट ठेवलं.

“अँटिबायोटिक कशाला?”

“न्यूमोनिया झाला तर…”

“झालाय?”

“नाही.”

“टॉनिक?”

“सासूबाई म्हणतात, पोर वाळली.”

“थेंब?”

“शेजारचीला दिलेत.”

“आणि गुंगीचं सिरप?”

वृषालीने पेन खाली ठेवलं.

“ती खोकली की मी उठून बसते,” ती हळूच म्हणाली. “मग उजाडेपर्यंत तिचा श्वास मोजते.”

डॉक्टरांनी चिठ्ठी तिच्याकडे फिरवली आणि सगळ्यात वरच्या ओळीवर बोट टेकवलं. पेशंटच्या नावाची जागा कोरी होती.

“नाव राहिलं.”

वृषालीने पेन उचललं… पेन काही कागदाला टेकेना.

“हे बघ,” डॉक्टर म्हणाले, “धाप लागली, खाणं सोडलं, ताप चढला, तर कोणत्याही वेळी दार वाजव. मी आहे. तोवर मध.”

मग ते खुर्चीतून वाकले, थेट गार्गीच्या उंचीला आले आणि चिठ्ठी तिच्यासमोर धरली.

“बोला गार्गीबाई. ही एवढी औषधं कोणाला द्यायची?”

गार्गीने चिठ्ठीकडे पाहिलं. आईकडे पाहिलं, बराच वेळ. एकदा खोकली.

“ही आईला,” ती म्हणाली. “मला मध.”