धूर नसलेल्या भट्ट्या

पूर्वी हिमालयाच्या पायथ्याशी श्वेतवती नगरीत राजा सुषेण राज्य करीत असताना बोधिसत्त्व चुना भाजणाऱ्या लोणाऱ्यांच्या कुळात जन्मला होता. त्याचे नाव वप्पक. राजाला पांढऱ्याशुभ्र महालांचे भारी वेड होते, त्यामुळे नगरीत शंभर भट्ट्या पेटलेल्या असत. त्यांतली सर्वांत मोठी वप्पकाची.

धुराने लोक खोकू लागले, तेव्हा राजाने फक्त वाळलेले लाकूड जाळण्याची आज्ञा केली. आकाश निवळले. पीडा टळली म्हणून लोकांनी मिठाई वाटली आणि राजाने खुशीत आणखी शंभर भट्ट्या मांडायला सांगितल्या.

वप्पकाला मात्र चैन पडेना. लोणाऱ्यांची एक रीत होती. दर चैत्री पौर्णिमेला ते डोंगरावर जात आणि बर्फ जिथे संपतो तिथल्या खडकावर रेघ कोरत. भट्ट्या वाढल्या तशी रेघ वर सरकली होती, आणि धूर गेला तरी ती थांबली नव्हती. नगरीचा एकमेव ओढा त्या बर्फातूनच येई. बर्फ संपला की पाणी संपणार होते.

तो राजाकडे गेला. "महाराज, नव्या भट्ट्या नकोत. आहेत त्याही विझवाव्यात."

राजा हसला. "अरे वप्पका, धूर आहे कुठे आता?"

"कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही, महाराज. एकदा भट्टीवर यावं."

भट्टीशेजारी खोल खड्डा होता. वप्पकाने पेटती पणती दोरीने आत सोडली. वारा नव्हता, तरी कमरेइतकी खाली जाताच ती विझली. राजाने स्वतः पुन्हा लावून सोडली. तीही विझली.

"ही भट्टीची हवा," वप्पक म्हणाला. "दिसत नाही आणि लवकर सरतही नाही. इथे साचते तशी आकाशातही साचते, आणि गोधडीसारखी ऊब धरून ठेवते. त्या उबेनेच डोंगरावरचा बर्फ दरसाल मागे हटतोय; तो संपला की ओढाही आटेल. धूर निदान खोकला तरी आणत होता."

"मग तुम्ही लोणाऱ्यांनी खायचं काय?"

वप्पक म्हणाला, "माझी भट्टी आजच विझवतो. महालांना मातीचा गिलावा द्या, तो आम्हीच लिंपू."

राजाने विझलेली पणती वर ओढून घेतली. मग त्याने भट्ट्या बंद करवल्या.

रेघ लगेच खाली आली नाही. वप्पकाच्या हयातीत ती नुसती थांबली. तेवढ्यावर तो सुखी होता. मातीने माखलेल्या हातांनी ओढ्याचे पाणी पिताना त्याला कशाचीच खंत वाटत नसे.

ही कथा सांगून शास्ता बुद्ध म्हणाले, "भिक्षूंनो, जे दिसत नाही ते नाहीच, असे काल म्हणणारा हा तुमच्यातला भिक्षू उत्तरक तेव्हा राजा होता, आणि वप्पक मी होतो. डोळ्यांसमोरच्या दुःखाची दया कोणालाही येते. जे अजून जन्मालाही आले नाहीत, त्यांच्यासाठी स्वतःची चूल थंड करणे, ही करुणेची पराकाष्ठा."