खाऱ्या गवताची काटेरी राखण

फार फार मागे, खाडीकाठच्या खारवट माळावर एक गवत राहायचं. भारी संशयी! ढवळी मेंढी रोज यायची, त्याचे शेंडे खायची आणि बुडखे ठेवून पुढे जायची.

गवताच्या मनात पाल चुकचुकली. 'सगळं का खात नाही ही? उद्यासाठी राखून ठेवते, लबाड! वर खुरांनी जमीन तुडवते ती वेगळीच.'

एकदा परमुलखातून वेडी बाभूळ आली. म्हणाली, "मी काटे लावते, बघू कोण येतंय ते!" तिचा मात्र गवताला जराही संशय आला नाही.

काटे वाढले, ढवळी यायची थांबली. गवत उंच झालं, वाळलं आणि आपल्याच पात्यांखाली गुदमरलं. उन्हाळ्यात जमिनीवर मिठाचा पापुद्रा धरला. तो फोडायला खूर नव्हते, त्यामुळे बी वरच पडून राहिलं. खालचं पाणी बाभळीनं ओढून नेलं.

"ढवळे, ये गं आत!" गवतानं हाक मारली.

ढवळी काट्यांपलीकडेच थांबली. "कुठून येऊ? तुझा संशय खरा होता बरं का. मी उद्यासाठीच राखत होते. पण त्या उद्यात मी एकटी नव्हते, तूही होतंस."