शिराळदऱ्याचा न सारवलेला ओटा

बसा, त्या ओट्यावरच बसा. संकोच करू नका. मी खाली बसतो. त्यावर न बसण्याचा दंडक आम्हा गावकऱ्यांना आहे, पाहुण्यांना नाही.

तुम्ही मघापासून मठाचं आवार न्याहाळताय. इकडे फरशी नाही, सगळं शेणाने सारवलेलं. भिंती पोतेऱ्याने पांढऱ्या केलेल्या, तुळशीपुढे रोज रांगोळी. आणि दारातला हा ओटा तेवढा उघडा, काळा, खरबरीत. शहरातून आलेल्या एक बाई मला म्हणाल्या होत्या, "बाबा, एवढा ओटा तेवढा सारवायचा राहिला वाटतं." राहिला नाही, बाई. दहा पिढ्या तो सारवलेला नाही, आणि कुणी सारवायला गेलं तर म्हातारीकोतारी धावून येतील.

आणखी एक गोष्ट तुमच्या लक्षात आली का? तासाभरात दहा माणसं तुमच्याशी बोलून गेली. चहा दिला, गूळ-शेंगा दिल्या, पोरं किती म्हणून विचारलं. पण "पाव्हणं, गाव कंचं?" असं एकानेही विचारलं नाही. एरवी आपल्याकडे पाणी पुढे करायच्या आधी माणूस गाव विचारतो. शिराळदऱ्यात विचारत नाहीत. दोन्ही गोष्टींचं कारण एकच आहे.

माझं नाव येसबा. कुंभाराचा. मठातल्या पणत्या आमच्या घरच्या, आणि ही हकिगतही आमच्याच घरची. म्हणून ती सांगायचं काम माझ्याकडे आलं. हौस म्हणून सांगत नाही.

त्या काळी हा मठ बेलभंडारासाठी नावाजलेला होता, असे सांगतात. बांधाचं भांडण असो, सोयरिकीचं असो, चाळीस गावचे लोक इथे यायचे. तबकात बेलाचं पान आणि भंडारा ठेवायचा, तो उचलून देवासमोर बोलायचं. खोटं बोलला तर त्याचा वंश बुडतो, अशी ख्याती. लोक पायरीपर्यंत यायचे आणि तबक दिसताच खरं काय ते ओकून टाकायचे. गावाला याचा फार अभिमान. शिराळदऱ्याचा माणूस शपथेवर खोटं बोलत नाही, हे आमचे पूर्वज बाजारात जाऊनसुद्धा ऐकवत असत म्हणे. जरा जास्तच ऐकवत असावेत.

दुसरी ख्याती या ओट्याची. त्याच्या दर्शनी चिऱ्यावर एका जुन्या राजाने अक्षरं कोरून दिली होती, की या ओट्यावर जो बसेल त्यास राजाने हात लावू नये. मागचं हे आवारही त्यातच धरलेलं. सासुरवासाने पळालेली सून, शिपायांनी हुसकलेला धनगर, असे कितीतरी इथे येऊन टेकले आणि वाचले.

तर एका वर्षी नदीपलीकडच्या मुलखातून माणसं आली. तिकडे किल्ल्याचं काम निघालं होतं आणि गावंच्या गावं वेठीला धरली होती. ज्यांनी घरातली दोन-दोन माणसं तटाखाली गमावली होती, ती रातोरात नदी उतरून आली. चाळीस-बेचाळीस जण असतील. तेव्हा मठाचे महंत होते चेतनगीर. त्यांनी आलेल्यांना जेवू घातलं आणि गावाला गोळा करून सांगितलं, "यांना गाव विचारू नका. उद्या कुणी तुमच्या हातात बेलभंडार देऊन विचारलं, तर खोटं बोलता येणार नाही. ठाऊकच नसलं, तर खरं सांगूनही ती वाचतील."

महंत शहाणा माणूस. मी त्याला नावं ठेवत नाही.

पाहुणे सात वर्षं राहिले. समोरच्या उतारावर ते दगडी बांध दिसतात ना, एकावर एक चढत गेलेले? ते त्यांनी घातले. त्याआधी तिथे कुसळं उगवायची, आता बाजरी होते. त्यांची लग्नं इथे झाली, माणसं इथे जळली, पोरं इथे जन्मली. आणि त्या सात वर्षांत कुणी त्यांना गाव विचारलं नाही.

आमच्या घरात तेव्हा भागाई होती. माझी खापरपणजी म्हणा, त्याहूनही वरची. पाहुण्यांमधल्या पुतळा नावाच्या बाईशी तिचं सख्ख्या बहिणीसारखं जमलं होतं. पुतळाची मुलगी चिमी आमच्याच पडवीत जन्मली, भागाईच्या हातावर. पुतळाला दूध उतरेना. भागाईचा राणू तेव्हा अंगावर पीत होता. तिने एकीकडे राणू घेतला, एकीकडे चिमी. एकदा दळणकांडण करताना पुतळा सहज बोलून गेली, "आमच्या गावाकडं किनई चिंचेला..." भागाईने पिठाचा हात तिच्या तोंडावर ठेवला. "नगं सांगू, बया. मला कळाया नगं." दोघी हसल्या म्हणे. चिंचेचं पुढे काय, ते राहिलंच.

आठव्या वर्षी दोन्ही राजांचा तह झाला. त्यात एक कलम असं, की एकमेकांची पळून आलेली रयत ज्याची त्याला परत करायची. किल्ला अजून अर्धाच होता आणि तिकडे माणसं हवी होती. आपल्या राजाने आपला एक कमाविसदार, म्हणजे वसुलीचा अधिकारी, शिपाई बरोबर देऊन पाठवला. तो डोंगर चढतोय तोवर सगळे पाहुणे ओट्यावर आणि आवारात येऊन बसले. चैत्राचं ऊन होतं. गावाने एकोणीस दिवस त्यांना आवारात भाकरी पोचवली, घागरी पोचवल्या. शिपाई बाहेर लिंबाखाली बसून राहिले. कुणी आत पाऊल टाकलं नाही.

कमाविसदार आरडाओरडा करणारा नव्हता. गोड बोलायचा. विसाव्या दिवशी सकाळी त्याने महंतांना निरोप धाडला, की राजाला मठ बाटवायचा नाही. गावाने बेलभंडार उचलावा, मी एकच प्रश्न विचारीन, त्यावर काय तो निकाल.

गावाला आनंद झाला. बेलभंडार म्हणजे आमचं घरचं अंगण. सात वर्षं जपलेलं न-कळणं आज कामाला येणार होतं. लोकांनी अंघोळी केल्या, ठेवणीतली धोतरं नेसली. ओट्यासमोर तबक मांडलं. ओट्यावर पाहुणे बसलेले, समोर गाव उभं.

पहिला पाटील पुढे झाला. त्याने बेलभंडार उचलला. कमाविसदाराने विचारलं, "ओट्यावर बसलेली ही माणसं कुठली?"

"ठावं न्हाई."

मग चौगुला, सुतार, तेली, गुरव. प्रत्येकाला तोच प्रश्न, प्रत्येकाचं तेच उत्तर. खरं उत्तर. ओट्यावरची माणसं मान हलवत होती, काहींच्या चेहऱ्यावर हसूही आलं होतं. दुपार होत आली तेव्हा भागाईची पाळी आली. राणूला सासूकडे दिलेलं, पण चिमी सवयीने ओट्यावरून उतरून तिच्या कडेवर येऊन बसलेली. भागाईने बेलभंडार उचलला. माणसांबद्दल विचारलं, ती म्हणाली, "ठावं न्हाई." तेही खरंच होतं.

कमाविसदाराने कडेवरच्या पोरीकडे बोट केलं. "आणि ही?"

आता बघा, हे एवढं तिला ठाऊक होतं. पोर तिच्या पडवीत जन्मली होती, नाळ तिने कापली होती. "हितलीच" म्हणाली असती तर शपथ मोडत नव्हती. पण सगळं गाव एक बोललं होतं. आपण वेगळं बोललो तर पोरीची आई कोण, ती कुठली, असे प्रश्न निघतील आणि सगळ्यांचं बिंग फुटेल, असं तिला वाटलं. आणि दुसरीकडे हातात भंडारा होता आणि समोर सासूच्या मांडीवर राणू होता. खोटं बोललं तर वंश बुडतो. ती घाबरली. खरं कशाला म्हणायचं नि खोटं कशाला, तेच तिला कळेना.

"ठावं न्हाई," ती म्हणाली.

त्या दिवशी शिराळदऱ्यात तेवढं एकच खोटं बोललं गेलं.

सगळ्यांचं झाल्यावर कमाविसदाराने एका शिपायाला खुरपं घेऊन ओट्याकडे धाडलं. चिऱ्यावरची वरची ओळ गावाला पाठ होती. पण आमच्या बायका भाविक. दर सणाला ओटा सारवायच्या, शेणाचा हात खालून वर घ्यायच्या. शंभर वर्षांच्या सारवणाने चिऱ्याचा खालचा भाग बुजून गेला होता. तिथे काही आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं. कमाविसदाराला होतं, त्याच्या दफ्तरात लेखाची नक्कल होती. पोपडे निघाले आणि दुसरी ओळ उघडी पडली. त्याने ती मोठ्याने वाचली: मात्र गावाने त्यास आपला म्हणावे.

"तुम्हीच शपथेवर सांगितलंत," तो म्हणाला. "तुम्हाला ठाऊक नाही ही कुठली. म्हणजे तुमची नव्हेत."

क्षणभर कुणाला अर्थच लागला नाही. मग भागाई ओरडली, "हितलीच हायेत! आमचीच हायेत!" तिच्यामागोमाग सगळं गाव ओरडलं. पाटील ओरडला, तेली ओरडला, महंत ओट्यापुढे आडवे पडले. कमाविसदार शांतपणे म्हणाला, "बेलभंडार एकदाच उचलतात, गोसावीबुवा. हे तुम्हीच चाळीस गावांना शिकवलंत."

शिपाई आवारात आले. भागाईच्या कडेवरून चिमीला ओढून पुतळाच्या हातात दिलं, कारण कलमाप्रमाणे आईचं मूल आईबरोबर. बेचाळीस माणसं दोराने बांधून त्या पायवाटेने उतरवली. जाताना कुणी शिव्याशाप दिले नाहीत, असे सांगतात. दिले असते तर बरं झालं असतं, असं माझी आजी म्हणायची.

चौथ्या दिवशी भागाई राणूला घेऊन निघाली. नदीवर नावाड्याने सांगितलं, पलीकडे नेऊन ज्याला त्याला त्याच्या गावी वाटून दिलं. "तुला कंच्या गावाला जायाचं?" त्याने विचारलं. तिला सांगता येईना. सात वर्षांत तिने नाव कानावर पडू दिलं नव्हतं. ठाऊक होतं ते एवढंच, की त्या गावात चिंच आहे. नदीपलीकडे कोणत्या गावात चिंच नसते? वर्षभर ती फिरली. प्रत्येक पारावर जाऊन विचारायची, चिमी नावाची पोर आलीय का. लोक उलट विचारायचे, बाई, तू कुठली? एक दिवस ती परत आली आणि ओट्यासमोर बसली. कुणी सणाला सारवायला आलं, की ती नखांनी खरवडून काढायची. मरेपर्यंत तिने ओट्याला शेणाचा हात लागू दिला नाही. महंतांनी तबक डोंगरावरून खाली टाकलं. त्यानंतर या मठात शपथ झालेली नाही.

गावात दुसऱ्या तऱ्हेनेही सांगतात, की राणू त्याच वर्षी देवीच्या साथीत गेला, खोटी शपथ फळली. लोकांना हिशेब पुरा झालेला आवडतो. पण तसं झालं नाही. राणू जगला. लग्न केलं, सात पोरं झाली, दात पडेपर्यंत चाकावर बसला. त्याच्यापासून मी. बेलभंडार उचलून खोटं बोललं तर वंश बुडतो म्हणत. मी तुमच्यासमोर बसलोय.

याचा अर्थ लागतो का तुम्हाला? मला लागतो, आणि तो लागला की भाकरी गोड लागत नाही. काही झालं नसतं. सगळ्या गावाने खोटं बोलून "हितलीच" म्हटलं असतं, तरी काही झालं नसतं. शेतं पिकली असती, पोरं वाढली असती. ज्याला आम्ही घाबरलो ते नव्हतंच. आणि ती खालची ओळ आधी वाचता आली असती तर आमचे लोक तसं बोलले असते का? मला खात्री नाही. आमच्या खरेपणाचा आम्हाला फार अभिमान होता.

म्हणून आम्ही पाहुण्याला गाव विचारत नाही. महंत सांगत होते म्हणून नव्हे. उत्तर आमच्याकडे ठरलेलं आहे म्हणून. तुमच्याबद्दल खाली रस्त्यावर कुणी विचारलं, ही मंडळी कुठली, तर आमचं शेंबडं पोरही सांगेल, हितलीच.

आजही चैत्रात त्या तिथीला, ऐन दुपारी, सगळं गाव इथे उभं राहतं. ओटा रिकामा असतो. आमच्या घरातल्या मोठ्या माणसाने ओट्याकडे हात करून विचारायचं, "ही माणसं कुठली?" आणि गावाने एका आवाजात सांगायचं, "हितलीच!" बायका, पोरं, सगळी. तीन वेळा. मुंबईला गेलेले लोकही त्या दिवशी येतात. आवाज पार बांधापर्यंत जातो. ऐकायला कुणी नसतं.

मग शेवटचा प्रश्न येतो, "आणि ही?" त्याचं उत्तर गावाने द्यायचं नाही, ते आमच्या घरचं. आधी मी विचारायचो आणि माझा मुलगा सांगायचा. तो सहा वर्षं बाहेर देशात आहे, इमारतींच्या कामावर. त्याच्या कागदांची मुदत संपलीय. फोनवर म्हणाला, इथे एका प्रार्थनेच्या जागेत आम्हा पंधरा जणांना आसरा दिलाय, बाहेर निघता येत नाही. त्याच्याबद्दल तिथे कुणी विचारलं तर ते लोक काय सांगतील, हे मी त्याला विचारलं नाही.

तेव्हापासून मीच विचारतो, "आणि ही?" आणि मग मीच सांगतो, "हितलीच."