शेवळांचा पहिला घास

डोंगराच्या कुशीतल्या एका गावात बायजाबाई नावाची एक सुगरण राहत होती. तिच्या हाताला चव होतीच, पण गावात तिचा खरा मान होता तो शेवळांच्या भाजीमुळे.

शेवळं म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाशी रानात जमिनीतून वर येणारे कोंब. ही भाजी नीट केली नाही तर घसा खाजतो, जीभ सुजते, बोलणंही मुश्कील होतं. म्हणून त्या गावाने तिला कधी हात लावला नव्हता. बायजाबाई लग्न होऊन आली आणि तिने माहेरच्या रीतीने ती रांधली. लोकांनी भीत भीत घास घेतला आणि मग बोटं चाटली. तेव्हापासून दर वर्षी पेरणी आटोपली की देवीला शेवळांचा नैवेद्य व्हायचा आणि बायजाबाईच्या अंगणात गावाची पंगत बसायची. पहिला घास तिने घेतल्याशिवाय कोणी पानाला हात लावत नसे.

तिचं गुपित अगदी साधं होतं. रानात काकड नावाचं झाड असतं. त्याची हिरवी आंबट फळं ठेचून त्यांचा रस भाजीत घातला की खाज मरते. बस, एवढंच. पण हे एवढंच ती कोणाला सांगत नव्हती.

मुलाचं लग्न झालं आणि केशर सून म्हणून घरात आली. ती घाटावरची. शेवळं तिने जन्मात पाहिली नव्हती, पण पोरीला शिकायची भारी हौस. चुलीशी बसून ती सगळं बघायची. हाताला तेल लावून शेवळं कशी सोलायची, आतला पिवळा भाग कसा काढून टाकायचा, तेलावर किती परतायची, सोललेले वाल कधी घालायचे. भाजी शिजत आली की मात्र बायजाबाई म्हणायची, "केशर, घागर भरून आण." केशर विहिरीवर जायची. ती परत येईपर्यंत रस भाजीत पडलेला असायचा. सुनेला वाटायचं, आपल्याला सगळं आलं. सासूला वाटायचं, हिला खरंच सगळं आलं तर मग मला कोण विचारणार? स्वतःच्या घरात, स्वतःच्याच माणसापासून ही लपवाछपवी. ऐकणाऱ्याला कसंसंच होतं, पण बायजाबाईला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

एका वर्षी पंगतीच्या आधी बायजाबाई भावाला भेटायला माहेरी गेली. परतताना ओढ्याला पाणी आलं आणि ती पलीकडेच अडकली. इकडे पंगतीचा दिवस उजाडला. लोक म्हणाले, यंदा राहू दे. केशरला ते पटेना. आपण घरात असताना आत्याबाईंचा मान का मोडू द्यायचा, असं म्हणून तिने पदर खोचला. शिकवलं होतं तसं तिने सगळं केलं, कुठे कणभर चुकली नाही. नैवेद्याचा स्वयंपाक आधी चाखायचा नसतो, म्हणून तिने चव तेवढी घेतली नाही.

पानं वाढून झाली आणि बायजाबाई अंगणात येऊन उभी राहिली. ओढा उतरला होता. काखेत गाठोडं होतं आणि गाठोड्यात माहेरच्या रानातून आणलेली काकडं होती. तिने भाजीच्या पातेल्यात डोकावलं. आंबट वास नव्हता. काय झालंय ते तिला क्षणात कळलं.

अजून एकानेही घास घेतला नव्हता. नुसतं "थांबा" म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण तसं म्हटलं की गुपित फुटणार. त्यापेक्षा खाऊ दे सगळ्यांना. दोन दिवस घसे धरून बसतील, सुनेला बोल लावतील आणि पुढच्या वर्षी पुन्हा माझ्याच दारी येतील. होय, असा विचार त्या बाईने केला. ज्या गावाने तिला इतकी वर्षं डोक्यावर घेतलं, त्या गावाबद्दल केला.

"आत्याबाई, पहिला घास तुमचा," असं म्हणून केशरने पान पुढे केलं.

सगळे बघत होते. एका घासाने काय होतंय, असा हिशेब करून बायजाबाईने तो गिळला आणि मान डोलावली. "चांगली झालीय. करा सुरू."

बोलता बोलताच तिच्या घशात आग पेटली. जीभ जड झाली. तेवढ्यात शेजारी बसलेल्या केशरच्या लेकीने, लहानग्या यमूने, भाजीभाताचा घास तोंडाकडे नेला. बायजाबाईला 'नको' म्हणायचं होतं. आवाजच फुटेना. तिने झेप घेतली आणि नातीच्या हातावर फटका मारला. घास मातीत पडला.

पंगत जागच्या जागी थिजली. आत्ताच भाजीला चांगली म्हणणारी आजी देवीचा प्रसाद लेकराच्या हातून उडवते, हे कोणाला समजेना. यमू रडायचंही विसरली. केशरचा चेहरा पांढराफटक पडला. बायजाबाईने गाठोडं सोडलं, काकडं दगडावर ठेचली आणि रस आपल्या जिभेवर पिळला. मग पुन्हा पिळला, पण सूज काही उतरेना. बघता बघता सगळ्यांच्या लक्षात आलं.

पंगतीतले सर्वांत वडीलधारे धोंडूआबा हलक्या आवाजात म्हणाले, "म्हणजे तुला ठाऊक होतं, बायजा. तरी तू आम्हाला जेवा म्हणालीस."

बायजाबाईने मान खाली घातली. आबांनी पानाला नमस्कार केला आणि ते उठले. त्यांच्यामागून एकेक जण उठला. देवीच्या दिवशी माणसं भरल्या पानावरून उपाशी निघून गेली. असलं काही त्या गावाने कधी पाहिलं नव्हतं.

अंगणात घरचीच माणसं उरली. केशरच्या डोळ्यांत पाणी होतं. तिने वाकून एक काकड उचललं, हुंगलं, दाबून त्याचा थेंब जिभेवर घेतला. मग सासूसमोर बसून तिने विचारलं, "एवढ्या भाजीला किती घालायची, आत्याबाई?"

बायजाबाईने तोंड उघडलं. इतकी वर्षं जे सांगायचं टाळलं, ते आज तिला मनापासून सांगायचं होतं. सुजलेल्या जिभेवरून एकही शब्द निघेना.

तात्पर्य: शिकवताना हातचं राखून ठेवलं, की त्याचा चटका शेवटी आपल्याला आणि आपल्याच लेकरांना बसतो. जे शिकवायचं ते पुरतं शिकवावं, आणि बोलता येतंय तोवर शिकवावं.